शेवटच्याचा तांब्या

तांब्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर ठेवलेला होता आणि वैष्णवीला तहान लागली होती. गुन्हा म्हणाल तर एवढाच.

जानेवारीतला रविवार. नाशिकची थंडी अशी की बोलणाऱ्याच्या तोंडातून आधी वाफ बाहेर येते आणि मागून शब्द. सैनिकी अकादमीत लांब पल्ल्याच्या धावपटूंची नवी कोच म्हणून रुजू होऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता. पोरंपोरी पहाटेच धरणाच्या रस्त्याने पळायला निघाली होती. आपणही पळून दाखवलं पाहिजे म्हणून ती त्यांच्यात घुसली, आणि शेवटच्या वळणावर सगळ्यांना मागे टाकून फाटकातून पहिली आत आली. नव्या माणसाचं असंच असतं. त्याला सगळ्यांच्या आधी पोचायचं असतं.

कट्ट्याशी एक माणूस उभा होता. उंच, किडकिडीत, विटका निळा स्वेटर, आणि चष्म्याच्या काचांवर धुकं. शेजारी एक स्टीलचं पिंप. आणि पिंपापासून जरा बाजूला, एकटाच, कल्हई केलेला पितळी तांब्या, वर वाटी पालथी घातलेला. वाटीच्या कडेतून गुळाचा आणि सुंठीचा वास येत होता.

वैष्णवी पिंपळगावकडच्या द्राक्षबागायतदाराची, गोरक्ष बोरस्त्यांची मुलगी. त्यांच्याकडे दारात नवं माणूस आलं की आधी गूळपाणी, नाव-गाव मागून. तिला वाटलं, चला, आठवडाभर कुणी चहा विचारला नाही, पण इथेही माणसं आहेत म्हणायची.

"माझ्यासाठी?" तिने हसून विचारलं आणि हात पुढे केला.

त्या माणसाने तोंड उघडलं, मिटलं. चष्मा काढला, स्वेटरला पुसला, पुन्हा घातला. तिच्याकडे नीट पाहिलं.

"घ्या ना..." तो म्हणाला.

ती प्यायली. वरून धार धरून नाही — चक्क तोंड लावून, डोळे मिटून, तळाशी बसलेल्या सुंठीसकट. मनगटाने ओठ पुसले, फारच छान झालंय म्हणाली आणि तांब्या परत दिला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की एव्हाना आत आलेली सगळी पोरं रांगेत उभी राहून तिच्याकडे बघताहेत. कुणी हसत नव्हतं. हसली असती तर बरं झालं असतं.

"मॅडम," संघाचा कॅप्टन शेखर अगदी हळू म्हणाला, "तो शेवटच्याचा असतो."

"कुणाचा?"

"जो शेवटी येतो त्याचा. तो आधी पितो, मग पिंपातलं आम्ही. साधं पाणी वाटेत मिळतं, पण हे नाही. गायधनी सरांपासून... तसंच आहे."

गायधनी सर म्हणजे ढुंढिराज गायधनी, ज्यांच्या जागेवर वैष्णवी आली होती ते. त्यांनी घडवलेली मुलं फौजेत कुठे कुठे होती, आणि रस्त्यात सर दिसले तर शहरातला पळणारा माणूस थांबून पाया पडायचा. गुडघे गेले म्हणून संस्थेने त्यांना शाल, नारळ आणि निरोप दिला होता. कट्ट्याशी उभा होता तो त्यांचा मुलगा, आल्हाद. ओझरला विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर. आई इंदिरानगरच्या घरी गूळपाणी करायची आणि तो दर रविवारी गाडीतून घेऊन यायचा. नवी कोच आली म्हणून यात खंड पडेल असं त्या घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

हे सगळं शेखर सांगत होता, तेवढ्यात निकिता आली. ती नेहमीच शेवटी यायची. सवयीने ती कट्ट्याकडे वळली, तर आल्हाद पाठमोरा होऊन नळाखाली तांब्या विसळत होता. त्याचे कान लाल झालेले. निकिताने एकदा रांगेकडे बघितलं, एकदा मॅडमच्या ओल्या मनगटाकडे.

"राहू दे आल्हाददादा," ती म्हणाली. "आज मला तहान नाही."

पळून आलेलं माणूस, छाती भात्यासारखी चालतेय, आणि म्हणतंय तहान नाही... वैष्णवीला वाटलं, टाकीचं झाकण उघडावं आणि आत उतरावं.

शरमेने काही माणसांची मान खाली जाते, काहींची ताठ होते. वैष्णवी दुसऱ्या जातीची. तिथल्या तिथे 'चुकलं बाई' म्हणाली असती तर पोरं हसली असती आणि सोमवारपर्यंत विसरलीही असती. पण तिने रात्रभर कुशी बदलल्या आणि सकाळच्या फॉलइनला, पोरं रांगेत उभी राहिल्यावर, जाहीर केलं, की एका भांड्याला सगळ्यांनी तोंड लावणं आरोग्याला बरं नाही. पुढच्या रविवारपासून ज्याने त्याने आपापली बाटली आणायची. त्या भांड्याला आजवर एकाच माणसाने तोंड लावलं होतं, बाकी सगळे वरून प्यायचे, हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण सैनिकी अकादमी ती. सगळ्यांनी एका सुरात 'यस मॅडम' म्हटलं.

रविवारी आल्हादची गाडी फाटकाशी आली. मागच्या सीटवर पिंपाला सीटबेल्ट लावलेला. दुसऱ्या कुठल्या दिवशी तिला त्याचं हसू आलं असतं. तिने काचेशी वाकून नवा नियम सांगितला.

त्याने स्टिअरिंगकडे बघत विचारलं, "बाबांना काय सांगू?"

"सांगा, आता मी आहे."

तोंडातून निघून गेलं ते. तो 'बरं' म्हणाला. एवढंच. तो भांडला असता तर तिला जरा आधार वाटला असता.

"आणि मला एक सांगा," ती पुढे म्हणाली, कारण ताठ मानेला थांबता येत नाही. "त्या दिवशी मला थांबवलं का नाहीत? नव्या बाईची फजिती बघायची होती?"

"फजिती? छे हो... मला..." त्याने चष्म्याला हात लावला. मागून दुधाच्या टेम्पोने हॉर्न दिला. त्याने गाडी मागे घेतली, आणि पिंप सीटबेल्टसकट इंदिरानगरला परत गेलं.

नंतरचे आठवडे वाईट गेले असं म्हणता येणार नाही. पोरांच्या वेळा सुधारल्या. वैष्णवीला तिचं काम येत होतं, याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. फक्त रविवारी आत आलं की जो तो आपल्या बाटलीतलं पाणी घशात ओतायचा आणि मेसकडे धावायचा, कारण रविवारी मेसला मिसळ असते, आणि उशिरा जाणाऱ्याच्या वाट्याला नुसता रस्सा येतो. निकिता पोचायची तेव्हा मैदानावर दोघंच असायचे — हातात घड्याळ धरलेली वैष्णवी, आणि रिकामा कट्टा.

'आता मी आहे.' दात घासताना ते वाक्य आठवायचं, शिट्टी फुंकताना आठवायचं. आणि त्याच्या मागोमाग धुकं साचलेला चष्मा आठवायचा, ते का, हे तिला कळत नव्हतं. कळत नव्हतं म्हणजे... असो.

मग एका संध्याकाळी निकिता ऑफिसच्या दारात सावधान उभी राहिली. मला संघातून काढा आणि ड्रिलमध्ये टाका म्हणाली. वैष्णवीने आधी समजावलं, मग जरा रागावून पाहिलं, की वेळ सुधारतेय तुझी, आता का सोडतेस.

"वेळेचं नाही मॅडम." निकिता भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिली. अंबडच्या कारखान्यात राबणाऱ्या बापाची पोर ती, रडायची नाही. "पूर्वी सगळे माझी वाट बघायचे. गूळपाण्यासाठी का होईना... पण बघायचे. ओरडायचे, 'निके, मरतोय आम्ही, ये लवकर.' आता मी आले काय न् नाही काय, कुणाला कळतच नाही."

वैष्णवीने तिला रविवारपर्यंत थांबायला सांगितलं. आज्ञा म्हणून नाही, विनंती म्हणून. निकिताला दोन्हीतला फरक कळला असावा, कारण 'यस मॅडम' न म्हणता तिने नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैष्णवी इंदिरानगरला गेली. माफी मागायला मोकळ्या हातांनी जाऊ नये म्हणून घरच्या बागेतल्या द्राक्षांची पेटी स्कूटीवर पायाशी ठेवलेली. गायधनी सरांची गल्ली आली आणि स्कूटी आपोआप पुढे गेली. चौकातून वळून परत आली, पुन्हा पुढे गेली. मग ती जॉगिंग ट्रॅकच्या कडेला थांबली आणि गायधनींच्या घरात काय काय बोलायचं ते द्राक्षांच्या पेटीला म्हणून दाखवू लागली.

"द्राक्षं ऐकताहेत का?"

आल्हाद. हातात कोथिंबिरीची जुडी, पायात स्लिपर.

"मी... इकडून चालले होते," वैष्णवी म्हणाली.

"दिसलं ना. गॅलरीतून दिसतं सगळं. आई म्हणाली, बिचारी पत्ता शोधतेय, जा खाली. मी म्हटलं, पत्ता माहीत आहे तिला, धीर शोधतेय."

"तुमच्याकडे मिळतो का?"

"धीर? आमच्याकडे कोथिंबीर आहे." तो ट्रॅकच्या कट्ट्यावर बसला, मधे कोथिंबीर ठेवून. "आणि लाज. ती मात्र भरपूर आहे, हवी तेवढी न्या."

तिला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही. तिने निकिताचं सांगितलं. सांगताना मान आपोआप खाली गेली, आणि ती इतकी जड असते हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आल्हाद ट्रॅकवर फिरणाऱ्या आजोबांकडे बघत म्हणाला, की तो तांब्या मुळात त्याच्यासाठी होता. शाळेत असताना बाबा त्याला रविवारी कॅडेटांबरोबर पळवायचे. कोचचा मुलगा, आणि दर रविवारी शेवटचा. नुसता शेवटचा नाही, बाकीच्यांची आंघोळ होऊन जायची. त्याला वाटायचं, नाव बदलावं.

"मग बाबांनी हा नियम काढला. मला वाटलं, मलाच शिक्षा. सगळ्यांचे घसे माझ्यामुळे कोरडे. एकदा मी द्राक्षबागेच्या वळणावर बसून राहिलो, म्हटलं आज जायचंच नाही. तर समोरून सगळी पोरं पळत आली. उलटी, परत. मला न्यायला." तो कोथिंबिरीची पानं खुडत होता. "गूळपाण्यासाठीच आली होती म्हणा. पण मला न्यायला कुणी आलं, असं त्याआधी झालं नव्हतं."

वैष्णवी म्हणाली, "आणि हे माहीत असून तुम्ही मला 'घ्या ना' म्हणालात."

"हो."

"का?"

तो उठला. पेटी उचलली, कोथिंबीर तिच्या हातात दिली. "ते नंतर कधीतरी. द्राक्षांसमोर नको."

घरात गायधनी सर गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी धरून बसले होते. वैष्णवीने वाकून नमस्कार केला, आणि तोंड उघडणार तोच आल्हादची आई, सरोजिनीबाई, स्वयंपाकघरातून आल्या. हातात ताटली, ताटलीत पेला. पहिल्यांदाच घरी येतेस, आधी गूळपाणी घे, म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण तो सुंठीचा वास आला आणि वैष्णवीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सरोजिनीबाई घाबरल्या, गूळ जास्त झाला का विचारू लागल्या. आल्हाद खिडकीबाहेर बघत होता, पण त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

"सर, मी म्हणाले, 'आता मी आहे.' तुम्हाला निरोप पाठवला तसा."

"मिळाला," सर म्हणाले. पिशवी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर गेली. "दोन दिवस जेवलो नाही मी. राग आला होता. मग विचार केला, संस्थेने निरोप दिल्यावरही मी दर रविवारी तांब्या पाठवत होतो, तो कशासाठी? पोरांनी मला विसरू नये म्हणून. तुम्ही तिथे उभ्या, आणि तुमच्या मैदानावर माझं भांडं. तुम्ही चूक बोलला नाहीत पोरी... पण बोललात वाईट."

"हो सर."

"आल्हाद, तांब्या आण." त्यांनी तो तिच्या हातात दिला. "मी आता पाठवणार नाही. ठेवायचा तर तुम्ही ठेवा. भरायचा तर तुम्ही भरा. आणि चिंचेने घासू नका रोज, कल्हई जाते."

फाटकापर्यंत सोडायला आल्हाद आला. वैष्णवीने तांब्या स्कूटीच्या डिकीत ठेवला आणि वळून म्हणाली, "रविवारी पळायला या."

"मी? अहो, मी शेवटचा येईन."

"तेच तर. निकिताला एकदा तरी वाट बघू दे कुणाची."

त्याने चष्मा काढला, पुसला. ही त्याची खोड आता तिला ओळखीची झाली होती. काही बोलायचं असलं की तो आधी काचा पुसतो.

"आणि माझी कुणी वाट बघेल का?" त्याने विचारलं.

"गूळपाण्यासाठी का होईना..." वैष्णवी म्हणाली, आणि स्कूटी नको इतक्या जोरात सुरू केली.

रविवारी पिंप आणि भरलेला तांब्या कट्ट्यावर ठेवून ती फॉलइनला पोरांसमोर सावधान उभी राहिली आणि झालं ते सगळं सांगितलं. चुकून प्यायले, हे एक. लाज वाटली म्हणून नियम मोडीत काढला, आणि आरोग्याचं नाव पुढे केलं, हे दुसरं. पहिल्याची माफी नको, दुसऱ्याची मागते, म्हणाली. 'यस मॅडम' आलं नाही. मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, सुंठ घातलीय ना?" आणि सगळी रांग हसली. इतक्या आठवड्यांनी ते हसू ऐकून तिचे पाय हलके झाले.

आभाळ भरून आलं होतं. भलत्याच दिवसांत, द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा आणणारं. पोरं गेली, मागोमाग आल्हाद गेला, वडिलांची जुनी बंडी घालून, बगळ्यासारखे पाय टाकत. वैष्णवी कट्ट्याशी थांबली. या खेपेला तिला आधी पोचायचं नव्हतं.

एकेक जण येत गेला. निकिता आली, कट्ट्याकडे बघितलं, मग मागे रस्त्याकडे, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका. "मी शेवटची नाही?" तिने विचारलं, आणि पुढच्याच क्षणी कमरेवर हात ठेवून ओरडू लागली, "आल्हाददादा, मरतोय आम्ही, या लवकर!"

आल्हादचा पत्ता नव्हता. बारीक थेंब पडू लागले. पोरं चुळबुळ करू लागली, न्यायला जाऊ का विचारू लागली. शेखरने एकवार मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना जागेवर थांबवलं. पोरगा कॅप्टन उगीच नव्हता.

वैष्णवी पळाली. द्राक्षबागेच्या वळणावर तो दगडावर बसला होता, चष्म्यावर पावसाचे थेंब घेऊन.

"पाय मुरगळला?"

"नाही." त्याला धाप लागलेली. "बघत होतो... कुणी येतं का न्यायला."

"चांगले आहात. तिकडे पोरांचे घसे कोरडे पडलेत. उठा."

तो उठला नाही. "त्या दिवशीचं सांगू?"

ती थांबली. बागेतून द्राक्षांचा ओला, आंबूस वास येत होता.

"तुम्ही विचारलंत, 'माझ्यासाठी?' आणि हसलात. मला माहीत होतं तो कुणाचा ते. दुनियेत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण..." तो चष्मा पुसायला गेला, तर बंडीच ओली. "पण तुम्हाला 'नाही' म्हणणं मला जमलं नाही. तेव्हाही नाही, फाटकाशीही नाही. निकिताच्या हक्काचं मी देऊन टाकलं, आणि वर तुमची फजिती झाली. इतके दिवस लाज वाटतेय. आणि खरं सांगू, तसं पुन्हा विचारलंत तर मी पुन्हा..."

"पुरे," वैष्णवी म्हणाली. गाल गरम झाले होते, त्यांवरून थंड पाणी ओघळत होतं. तिने हात पुढे केला. त्याने तो धरला, उठण्यासाठी म्हणून, आणि उठून झाल्यावरही सोडायचं विसरला.

फाटकाच्या रेषेशी येऊन दोघं थांबले.

"तुम्ही आधी," तो म्हणाला. "शेवटचा मी."

"अजिबात नाही. कोच सगळ्यांच्या मागे असतो. तुम्ही आधी."

"अहो, माझा अनुभव मोठा आहे शेवटी येण्याचा..."

"मॅडम, दादा, आत कधी जायचं ते ठरवा ना!" निकिता ओरडली. "घसे वाळलेत इथे."

मग ते दोघं एकदमच आत आले. हात सुटलेला नव्हता, हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना दिसलं.

शेखरने तांब्या आल्हादच्या हातात दिला. आल्हादने वाटी बाजूला केली. तो घरातला शिस्तीचा मुलगा, जन्मभर वरून प्यायलेला. त्याने तांब्या ओठांना लावला, अर्धा प्यायला, आणि उरलेला तसाच, उष्टा, तिच्यापुढे धरला.

पोरं गप्प झाली. याही वेळी कुणी हसत नव्हतं. पण ही शांतता वेगळी होती, डोळे चमकणारी.

वैष्णवीने हात पुढे केला, आणि मधेच थांबली. या वेळी नीट विचारून घ्यायचं तिने ठरवलं होतं.

"माझ्यासाठी?"

"घ्या ना," तो म्हणाला.